दीर्घकाळ चालणाऱ्या क्वेरींचे प्रगती-निरीक्षण

डेटाबेसमध्ये बराच वेळ चालणारी क्वेरी कोणत्या टप्प्यावर आहे, किती काम उरकले आणि किती उरले, हे ती चालू असतानाच पाहण्याच्या पद्धतींना प्रगती-निरीक्षण म्हणतात. झालेले काम मोजणे तुलनेने सोपे असते. एकूण काम किती, हे मात्र बहुधा क्वेरी संपल्यावरच निश्चित कळते. म्हणून पडद्यावरील टक्केवारी हा बहुतेक वेळा अंदाज असतो. क्वेरी थांबवावी की तिला आणखी वेळ द्यावा, हा निर्णय मात्र त्याच अंदाजावर घ्यावा लागतो.

अंदाज चुकण्याची कारणे

एसक्यूएल भाषेत कोणती माहिती हवी एवढेच सांगितले जाते. ती मिळवण्याचा मार्ग ऑप्टिमायझर ठरवतो. प्रत्येक पायरीतून किती ओळी बाहेर पडतील, हे तो साठवलेल्या सांख्यिकीवरून ताडतो. समजा, दोन टेबलांच्या जोडणीतून १,००० ओळी निघतील असे त्याने धरले आणि प्रत्यक्षात १,००,००० निघाल्या, तर त्या आकड्यावर बेतलेला दर्शक शेवटाजवळ झपाट्याने पोहोचतो आणि तिथेच अडून बसतो. २००४ च्या सिग्मॉड परिषदेत या विषयावर दोन स्वतंत्र शोधनिबंध सादर झाले. त्यांपैकी एकाचे लेखक असलेले सुरजित चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले, की सर्व क्वेरींसाठी अचूकतेची हमी देणारा दर्शक बनवणे शक्य नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमधील सोय

या प्रणालीत ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ या दृश्यात प्रत्येक जोडणीची सद्यःस्थिती दिसते. तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा शेरा असला, तरी क्वेरी काम करत आहे असे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या व्यवहाराने धरून ठेवलेल्या कुलपाची वाट पाहणारी क्वेरीही ‘अ‍ॅक्टिव्ह’च दिसते. त्यामुळे प्रतीक्षेचे कारण दाखवणारा ‘वेट_इव्हेंट_टाइप’ हा स्तंभ आधी पाहावा लागतो. त्यात ‘लॉक’ असे असेल, तर वाट अडवणारी प्रक्रिया ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ या फंक्शनने शोधता येते. पुष्कळदा ती एखाद्याने सुरू करून अर्धवट सोडलेल्या व्यवहाराची असते. अशा वेळी टक्केवारी कितीही न्याहाळली तरी उपयोग नाही. अडथळा दूर करणे हाच उपाय.

देखभालीच्या कामांसाठी मात्र प्रगतीची वेगळी दृश्ये आहेत. ‘व्हॅक्यूम’साठी ती ९.६ या आवृत्तीत (२०१६), अनुक्रमणिका तयार करण्यासाठी १२ मध्ये (२०१९) आणि ‘कॉपी’साठी १४ मध्ये (२०२१) आली. त्यांत वाचलेल्या ब्लॉकांचा आकडा खरा असतो, कारण टेबलाचा आकार आधीच ठाऊक असतो. तरीही सगळे ब्लॉक वाचून झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. अनुक्रमणिकेत त्यानंतर ओळींची क्रमवारी लावणे आणि त्या वृक्षरचनेत भरणे बाकी असते. साध्या ‘सिलेक्ट’ क्वेरीसाठी असे दृश्य नाही.

इतर प्रणाली

ओरॅकलमध्ये ‘व्ही$सेशन_लाँगऑप्स’ हे दृश्य सहा सेकंदांहून अधिक चाललेल्या विशिष्ट क्रियांची नोंद ठेवते. ही नोंद एकेका क्रियेची असते, संपूर्ण क्वेरीची नव्हे. एक क्रिया शंभर टक्के झाली की पुढची नवी ओळ उमटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप, रिस्टोअर यांसारख्या कामांची टक्केवारी मिळते.

क्वेरी थांबवण्याचा परिणाम

बदल करणारी क्वेरी मध्येच थांबवली, तर झालेले बदल रद्द करावे लागतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मोठे बदल मागे घेण्यास मूळ कामाहूनही अधिक वेळ लागू शकतो. कंटाळून सर्व्हर बंद केला, तरी तो पुन्हा सुरू होताच ते काम चालू राहते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रद्द करणे जवळजवळ तत्काळ होते, पण निरुपयोगी झालेल्या ओळी टेबलात तशाच राहतात आणि पुढे ‘व्हॅक्यूम’ला त्या साफ कराव्या लागतात.