मधल्या वेळेतली मिनीबस

शाळेची मिनीबस सकाळी वाड्यावस्त्यांवरची मुलं आणते आणि संध्याकाळी त्यांना घरी सोडते. मधले पाच-सहा तास ती आवारात उभी असते. जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेनं हे रिकामे तास वेळापत्रकात घेतले आहेत. नववीच्या तक्त्यात गणित आणि हिंदीच्या शेजारी एका जोडतासिकेच्या रकान्यात 'नदी' असं लिहिलेलं होतं. त्या तासाला मी मुलांबरोबर बसमध्ये चढलो.

निघण्याआधी ड्रायव्हरकाका टायर पाहतात, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक जागेवर आहे ना याची खात्री करतात. मदतनीस मावशी हजेरी घेतात; चढताना, उतरल्यावर आणि परत चढताना. मागच्या सीटवर मोजपट्टी, भिंगं, कागदी पाकिटं आणि पाण्याचा जार. बसमध्ये निम्माच वर्ग मावतो. उरलेल्या मुलांची पाळी पुढच्या आठवड्यात. पहिल्या तुकडीनं दुसरीसाठी फक्त प्रश्न लिहून ठेवायचे, उत्तरं सांगायची नाहीत, असा भूगोलाच्या मॅडमचा नियम आहे.

बस कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला थांबते. इथं नदीनं कापलेल्या दरडीत गाळाच्या थरांमध्ये पांढुरक्या राखेचा एक थर दिसतो. ही राख इथली नाही. ३,००० किलोमीटरहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून ती उडाली आणि इथं येऊन बसली. ती नेमकी कोणत्या उद्रेकातली, यावर संशोधकांमध्ये मोठा वाद झाला. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडल्यानं त्या वादाला वजन आहे. राखेचं वय ठरलं, तर हत्यारांच्या वयाचाही अंदाज येतो.

मॅडम यातलं काहीच आधी सांगत नाहीत. "दरडीला हात लावायचा नाही. खाली पडलेली चिमूटभर घ्या आणि बोटांत चोळून बघा," एवढंच म्हणतात. मुलं चोळतात. माती बोटाला चिकटते, राख कोरडी आणि किंचित खरखरीत लागते. एक मुलगी विचारते, "मॅडम, हा थर खालीही नाही आणि वरही नाही, मधेच कसा?" मॅडम तो प्रश्न तिलाच वहीत लिहायला सांगतात. मग मुलं दोघादोघांनी थराची जाडी मोजतात, चित्र काढतात, कुठं उभं राहून काढलं तेही नोंदवतात. शाळेत परतल्यावर पाकिटातली राख सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि काचेचे पारदर्शक, वाकडे तुकडे दिसू लागतात. ज्वालामुखीचा धडा त्यानंतर उघडला जातो.

वार्षिक सहलीत हे जमत नाही. सहलीची तारीख कितीतरी आधी ठरते, एसटी ठरवावी लागते आणि एका दिवसात चार-पाच ठिकाणं उरकायची असतात. नदी मात्र तारीख पाळत नाही. धरणातून पाणी सोडलं की काठ बुडतो, मग त्या दिवशी जाण्यात अर्थ नसतो. स्वतःची बस असली की सकाळी चौकशी करून दुपारी निघता येतं, नाहीतर बेत आठवडाभर पुढं ढकलता येतो. मुख्य म्हणजे त्याच जागी परत जाता येतं. उन्हाळ्याआधी काढलेलं चित्र हातात धरून पावसाळ्यानंतर त्याच दरडीसमोर उभं राहिलं की कुठं ओघळीनं माती खाल्ली, कुठं नवा गाळ बसला, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून कळतं. पहिल्या भेटीत कुतूहल जागतं. तुलना करायला दुसरी भेट लागते. आणि तुलनेशिवाय निरीक्षणाचं शास्त्र होत नाही.

हीच बस कधी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जाते. तिथं २० किलोच्या क्रेटचा भाव तासाभरात कसा हलतो ते मुलं टिपतात आणि सरासरीचं गणित त्या आकड्यांवर सोडवतात. कधी ती खोडदला जाते. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आवारात मोबाइल बंद ठेवायला का सांगतात, हे समजून घेताना रेडिओलहरींचा धडा मुलांना आपसूक उमगतो.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. पण बसचा विमा, देखभाल आणि ड्रायव्हरचा पगार मुलांच्या ने-आणीसाठी शाळा भरतेच. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या फेरीला वरचा खर्च म्हणजे तीन-चार लिटर डिझेल. प्रत्येक तालुक्यात अशा जागा आहेत: बारव, धरण, देवराई, गुळाचं गुऱ्हाळ, बाजार समिती. ज्यांच्याकडे बस आहे त्या शाळांनी आठवड्यातली एक जोडतासिका तिच्यासाठी राखावी. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी केंद्रातल्या सगळ्या शाळांत मिळून एक मिनीबस असावी आणि तिचे वार वाटून घ्यावेत. प्रयोगशाळेसाठी आपण तरतूद करतो, ग्रंथालयासाठी करतो. परिसरापर्यंत नेणाऱ्या बसलाही त्याच रांगेत जागा मिळायला हवी.