धावती गाडी कुठे उभे राहून पाहावी?



रविवारी सकाळी मुंबई-पुण्याकडचे हौशी लोक आपापल्या स्पोर्ट्‌स कार घेऊन लोणावळ्याच्या बाजूला येतात. त्या गाड्या बघायला आपल्या शाळेतली निम्मी मुले जातात, हे घरोघरी माहीत आहे. पण मागच्या महिन्यात चौथीतली दोन मुले द्रुतगती मार्गाच्या कुंपणाखालून आत शिरली. शेतावर चाललेल्या एका काकूंनी पाहिले म्हणून बरे. त्यांनी दोघांना हाताला धरून बाहेर आणले. तेव्हापासून पुष्कळ घरांत "गाड्याबिड्या बंद!" असा हुकूम निघाला आहे. मला वाटते, गाड्या पाहणे वाईट नाही. पण कुठून पाहायच्या ते कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

हा नाद काही आपल्यालाच लागलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात हौशी लोक सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी एका मैदानात गाड्या उभ्या करतात, कॉफी पितात आणि एकमेकांच्या गाड्या न्याहाळतात. त्या जमण्याला नावच 'कार्स अँड कॉफी' असे आहे. मोनॅको नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथल्या कॅसिनोपुढच्या चौकात मुले कॅमेरा घेऊन अशा गाड्यांची वाट पाहत उभी असतात. पक्षी पाहणारे लोक वहीत पक्ष्याचे नाव लिहितात, तशी ही मुले गाडीचे नाव लिहितात.

आता गाडी ओळखायची कशी ते सांगतो. आधी नाकावरचे चिन्ह बघायचे.

पिवळ्या रंगावर मागच्या पायांवर उभा काळा घोडा दिसला की ती फेरारी. हा घोडा मूळचा इटलीच्या फ्रान्चेस्को बाराक्का या लढाऊ वैमानिकाच्या विमानावर होता. तो पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारला गेला. पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारी यांना, हे चिन्ह तुमच्या गाडीवर लावा, असे सुचवले. पिवळा रंग हा त्यांच्या मोडेना गावाचा. आपल्या सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा त्याला २००२ साली मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळाली ती फेरारीच.

शिंगे रोखलेला सोनेरी बैल दिसला की ती लॅम्बोर्गिनी. ही गोष्ट तर आपल्या घरातली वाटावी अशी आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे शेतकऱ्याचे पोर. १९४८ च्या सुमारास त्यांनी ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला. त्यांची रास वृषभ, म्हणून चिन्ह बैलाचे. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही निघतात.

ढालीच्या आकाराचे चिन्ह आणि त्यात मधोमध छोटा घोडा असेल, तर ती जर्मनीची पोर्शे. हिची ९११ ही गाडी १९६३ साली प्रथम लोकांपुढे आली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. पोर्शे नावाचेही लाल ट्रॅक्टर पूर्वी निघत असत!

या गाड्या इतक्या बुटक्या का, असे मला पुष्कळ जण विचारतात. गाडीचा भार जमिनीजवळ असला की वळणावर ती कलंडत नाही. शिवाय बुटक्या गाडीला वाराही कमी अडवतो. काही गाड्या सव्वा मीटरसुद्धा उंच नसतात, म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या खांद्याला लागतील एवढ्याच. पुष्कळ गाड्यांत इंजिन माणसाच्या पाठीमागे असते, म्हणून डिकी पुढे. जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलापाशी एकदा एका काकांनी पुढचे झाकण उघडून दाखवले. माझ्या आजोबांनी वाकून पाहिले आणि विचारले, "साहेब, यात पोती किती बसतात?" ते काका हसून म्हणाले, "आजोबा, पोतं नाही बसत. दोन पिशव्या कशाबशा बसतात." आजोबा म्हणाले, "मग आमचा टेम्पो बरा!" सगळे हसले.

आता मुख्य हिशेब. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. १०० किलोमीटर म्हणजे १,००,००० मीटर. तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला तर सेकंदाला जवळजवळ २८ मीटर येतात. आपले खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते. म्हणजे "खो" म्हणेपर्यंत गाडी अख्खे मैदान ओलांडून जाते! समोर मूल दिसले तरी ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद लागतोच. पुढे थांबायला आणखी सुमारे ४० मीटर हवेत. रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. गाडी कितीही भारी असली तरी हा हिशेब चुकत नाही. म्हणूनच त्या रस्त्यावर पायी माणसाला आणि दुचाकीला बंदी आहे.

आणि मला सांगा, एका सेकंदात मैदान ओलांडणारी गाडी तुम्हाला दिसणार तरी काय? नुसता रंग दिसतो आणि आवाज ऐकू येतो. घोडा की बैल तेही कळत नाही. वेगवान गाडी पाहायची तर ती जिथे हळू होते तिथे पाहावी. हॉटेलाकडे वळायच्या रस्त्यावर गतिरोधक आहे ना, तीच खरी जागा. या गाड्यांचे पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर असते. त्यामुळे लाखो-कोटींची गाडी तिथे गोगलगाईसारखी तिरकी तिरकी चढते. काही गाड्यांत तर बटण दाबले की नाक वर उचलले जाते. हे सगळे ओट्यावर बसून निवांत बघता येते.

आम्ही सातवीच्या मुलांनी बाईंना विचारून काही नियम ठरवले आहेत :

१) द्रुतगती मार्गाच्या कुंपणाजवळ जायचे नाही. चेंडू आत गेला तर तो गेला असे समजायचे.
२) हॉटेलाच्या ओट्यावरून पाहायचे. लहान भावंडाचा हात सोडायचा नाही.
३) गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
४) "जोरात पळवा" असे कोणालाही म्हणायचे नाही. आपल्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.
५) वहीत गाडीचे नाव, रंग आणि चिन्ह लिहायचे. नंबराची फक्त सुरुवात लिहायची. एम.एच. ०१ मुंबई, १२ पुणे आणि १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, त्यात आपला मावळ आला.

पालकांना माझी नम्र विनंती आहे की सरसकट बंदी करू नका. बंदी केली की मुले चोरून जातात, आणि चोरून जाणारे मूल कुंपणाखालूनच जाते. त्यापेक्षा एखाद्या रविवारी तुम्हीच आमच्याबरोबर ओट्यावर येऊन बसा. चहाही होईल आणि बैलाच्या चिन्हाची गाडीही दिसेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी