हंडी शिजेपर्यंत

काय मुलांनो, थंडी पडली की नाही तुमच्याकडे? आमच्या वैतरण्याला डिसेंबरात सकाळी खाडीवर धुकं असतं. मुलं हाताच्या घड्या घालून शाळेत येतात. नाताळची सुट्टी जवळ आली की वर्गात एकच गलका! "बाई, आम्ही महाबळेश्वरला जाणार!" "आम्ही मामाकडे!" सुट्टी कुणाला आठवडाभर, तर कुणाला एकाच दिवसाची. पण बेत मात्र सगळ्यांचेच मोठे.

मागच्या डिसेंबरात मी चौथीच्या वर्गाला निबंध दिला, 'सुट्टीतला माझा आवडता क्षण'. एका मुलाने तीनच ओळी लिहिल्या. 'सुट्टीत मी घरी असतो. बाबा पण घरी असतात. बाबा झोपलेले असतात म्हणून आम्ही हळू बोलतो.'

मी लाल पेनाने 'अपुरा निबंध' असा शेरा मारणार होते. पण हात थांबला. निबंध पुरा होता. अपुरं होतं ते दुसरंच काहीतरी.

त्याचे बाबा बोईसरला कारखान्यात कामाला आहेत. रात्रपाळी असली की संध्याकाळी घरून निघायचं. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी स्टेशनं मागे टाकत बोईसर गाठायचं. 2013 साली विरार-डहाणू लोकल सुरू झाली, तेव्हापासून जाणं-येणं थोडं सोपं झालं. पण पाळी ती पाळीच! बाबा सकाळी घरी येतात तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक गणित घातलं. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि 21-22 डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा. मग डिसेंबरातली रात्र किती तासांनी मोठी? मुलांनी बोटं मोडली. "बाई, सव्वादोन तासांनी!" मी म्हटलं, "बरोबर! हे सव्वादोन तास तुम्हाला थंडीने फुकट दिलेत. त्यातला थोडा वेळ घरच्या सगळ्यांनी मिळून एक काम करा. पैसे फारसे खर्च करायचे नाहीत आणि टीव्ही, मोबाईल बंद!"

कुणी आजीबरोबर वाल सोलले, कुणी जुने फोटो लावून ठेवले. आणि त्या मुलाच्या घरी, बाबांच्या सुट्टीच्या दिवशी, उकडहंडी झाली.

पालघर-केळव्याकडच्या मुलांना उकडहंडी सांगायला नको. रायगडकडे पोपटी करतात, गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू, तशीच ही आपली उकडहंडी. थंडीत वालपापडी, कोनफळ, रताळी असं सगळं ताजं मिळतं. त्यांना आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर आणि खोबऱ्याचं हिरवं वाटण चोळायचं. वर ओवा हवाच! मातीच्या हंडीत भाजी भरून तोंडाला पाला कोंबायचा, हंडी उपडी ठेवायची आणि भोवती गोवऱ्या, पेंढा रचून मोठ्या माणसांनी जाळ करायचा. आत पाणी घालायचं नाही. भाज्यांच्या अंगचं पाणी वाफ होतं, पाल्यामुळे ती आत कोंडते आणि त्या वाफेवरच सगळं शिजतं.

आता खरी गंमत ऐका. जाळ केल्यावर अर्धा-पाऊण तास कुणालाच काही काम नसतं. हंडी सोडून जाता येत नाही आणि घाई करून ती लवकर शिजत नाही. मग माणसं करणार काय? बोलतात!

सुट्टीनंतर त्या मुलाने वहीची दोन पानं भरून आणली. बाबांनी लहानपणी हंडी शिजायच्या आधीच उघडली म्हणून आजीने त्यांना धपाटा घातला होता, ही गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. हंडीवर पाण्याचे शिंतोडे मारून चुर्र आवाज आला की भाजी झाली, हे आजीने त्याला शिकवलं. शेवटी त्याने लिहिलं होतं, 'बाबा मला बघून म्हणाले, अरे, तुझी पँट एवढी आखूड कधी झाली? आई म्हणाली, पँट आखूड नाही झाली, तो उंच झाला.'

हे वाचून मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

पालकहो, मुलं किती उंच झाली हे आपल्याला आखूड कपड्यांवरून कळावं, असा दिवस कुणावरही येतो. पोटासाठी पाळी करावीच लागते, त्यात कुणाचा दोष नाही. पण वर्षातून एक संध्याकाळ तरी हंडीपाशी बसा. हंडी नसेल तर शेकोटी, नाहीतर शेंगांची टोपली चालेल. वसईत नाताळचा गोठा सजवायला घरातले सगळे बसतात, तेही हेच की!

आणि मुलांनो, तुम्ही नुसतं खाऊन उठू नका हं! आजी-आजोबांना, आईबाबांना एक तरी प्रश्न विचारा. "तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा थंडीत काय करायचात?" मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवा. त्या मुलाची ती दोन पानं आता त्याच्या आजीने देवघराच्या फडताळात जपून ठेवली आहेत. तुमची वही कुठे ठेवाल?