राखाडी डेकचा झक्कास मेकओव्हर!

ऊन, पाऊस आणि दमट हवा... तीन-चार वर्षांत टेरेसवरच्या लाकडी डेकची पार रया जाते. पण म्हणून तो लगेच उखडून टाकायची गरज नसते. नीट तपासणी, थोडी मेहनत आणि अचूक टायमिंग जमलं, तर तोच डेक पुन्हा मस्त उभा राहतो.

बिल्डरच्या ब्रोशरमधला टेरेस फ्लॅटचा फोटो ठरलेला असतो. मधाच्या रंगाचा लाकडी डेक, त्यावर वेताच्या दोन खुर्च्या, कॉफीचे दोन मग आणि मागे सूर्यास्त. वीस वर्षांच्या ईएमआयवर सही करताना आपल्या डोळ्यांसमोर तोच फोटो असतो. त्या फोटोत जुलै महिना मात्र नसतो! पहिल्या पावसाळ्यात डेकची चमक जाते, दुसऱ्यात शेवाळ धरतं आणि तिसऱ्यानंतर तो चक्क राखाडी होतो. मग कोणीतरी सांगतं, "अरे, आपल्याकडच्या हवेत लाकूड टिकतच नाही. टाईल्स घाला आणि सुटा."

खरंच टिकत नाही? १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाचं एक जहाज बांधलं, ‘एचएमएस ट्रिंकोमाली’. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला म्युझियम म्हणून उभं आहे, आणि तेही पाण्यावर तरंगतं. लाकूड दोनशे वर्षं टिकतं ते त्याची देखभाल झाली तर. आपल्या डेकच्या नशिबात मात्र पझेशननंतर फक्त फिनेल आणि मॉप येतो.

आजीचा पाय आणि डेकचं भवितव्य

हा विषय मी लिहायला घेतला तो घरच्या भानगडीमुळे. ठाण्याला घोडबंदर रोडवर माझ्या ताईचा टेरेस फ्लॅट आहे. बारा बाय दहाचा सागवानी डेक, समोर येऊरचे डोंगर. आजी तिच्याकडेच असते आणि तिचा संध्याकाळचा चहा त्या डेकवरच. ऐन गणपतीत कुंड्यांजवळची एक फळी मोडली आणि आजीचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. नशिबाने खरचटण्यावर निभावलं, पण भावजींनी त्याच दिवशी स्लायडिंग डोअरला कुलूप घातलं. दोन दिवस आजी गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला काय काचेतून आकाश दाखवायला आणलंय का गं इथे?"

ज्या कॉन्ट्रॅक्टरने डेक बसवला होता, तो येऊन पाच मिनिटांत निकाल देऊन गेला. सगळं उखडायचं आणि प्लॅस्टिक-लाकडाच्या मिश्रणाच्या फळ्या टाकायच्या. कोटेशन बघून ताईचा चेहरा पडला. मग ओळखीतून एक सुतार मेस्त्री आले. त्यांनी आधी चप्पल काढली, डेकवर उकिडवे बसले आणि बोटाने फळ्या वाजवत सुटले. "ताई, वरचं पांढरं पडलंय ना, तो रोग नाय. ते उन्हाने झालंय. रोग असतो खाली," ते म्हणाले. पुढचे तीन वीकेंड मी, ताई आणि भावजी त्यांच्या हाताखाली राबलो. त्यातून जे कळलं, ते हे.

लाकूड राखाडी का होतं?

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतो तो लिग्निन नावाचा पदार्थ. थोडक्यात लाकडातला डिंकच. उन्हातले अतिनील किरण तो तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर उरतात फिकट तंतू. त्यावर दमट हवेतली बुरशी बसली की झाला राखाडी रंग. पण हा थर मिलीमीटरच्या जेमतेम काही भागाएवढा असतो. खाली लाकूड तसंच, मधाच्या रंगाचं!

दुसरी भानगड पाण्याची. ओलं झालं की लाकूड रुंदीत फुगतं, वाळलं की आकसतं, आणि लांबीत मात्र जवळपास तेवढंच राहतं. डेकची फळी वरून उन्हात तापते आणि खालून ओलीच राहते. मग ती वाकडी होते, तिला चिरा पडतात आणि चिरांतून आणखी पाणी आत जातं.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे सागवानी खांब बघा, सगळं लाकूड छपराच्या आत. उघड्या चौकात मात्र दगडी फरसबंदी. कोकणात पडवीला पावसाळ्यापुरती नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे ते याचसाठी. लाकूड आकाशाखाली आडवं पसरायची पद्धत आपली नाहीच. तेव्हा ती हौस करायची, तर तिचे लाडही पुरवायला हवेत.

आधी पेशंट तपासा

थेट पॉलिशचा डबा आणायला पळू नका. एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि फळ्यांची टोकं, स्क्रूच्या आजूबाजूची जागा आणि कुंड्यांखालचा भाग टोचून बघा. टणक लागलं तर प्रश्न फक्त रंगाचा आहे. टोक बटरसारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय. मग दोन-चार फळ्या उचलून खालचे बॅटन तपासा. वजन तेच पेलत असतात.

ताईकडे बाहेरून सगळ्यात वाईट दिसणाऱ्या फळ्या ठणठणीत निघाल्या आणि कुंड्यांखालच्या, बऱ्यापैकी दिसणाऱ्या चार फळ्या पार भुसा. खालच्या दहा बॅटनपैकी तीन गेले होते. कारणही तिथेच सापडलं. पाणी जायची जाळी पानांनी तुंबलेली आणि डेकखाली डबकं साचलेलं. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. सतत पाण्यावर बसलेल्या लाकडाचं प्रमाण तिथे कसं राहणार? शिवाय असं डबकं म्हणजे डेंग्यूच्या डासांना फ्री अकोमोडेशन!

आता नाजूक प्रश्न. सोडून कधी द्यायचं? मेस्त्रींचा हिशेब सरळ होता. फळ्या गेल्या तर बदलता येतात, थोडे बॅटन गेले तरी बदलता येतात. पण निम्म्याहून जास्त बॅटन मऊ लागले किंवा वाळवीने घर केलं असेल, तर वरून कितीही चमकवा, तो डेक पायाखाली दगा देणारच. तिथे सेंटिमेंटल व्हायचं नाही. वाळवी दिसली तर आधी पेस्ट कंट्रोल, मग बाकी सगळं.

नवे स्क्रू घ्याल ते स्टेनलेस स्टीलचेच. साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची रिअॅक्शन होऊन काळे डाग पडतात. घर समुद्राजवळ असेल तर दुकानात ‘३१६ ग्रेड’ म्हणून मागा. खाऱ्या हवेत तेच जास्त तग धरतं. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलीमीटरची फट ठेवा. आणि फळी कापली की कापलेल्या टोकाला तेल पाजायला विसरू नका. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकाकडूनच.

आंघोळ घाला, पण प्रेमाने

भावजींना भाड्याने प्रेशर वॉशर आणायची भारी हौस होती. मेस्त्रींनी हात जोडले. जोराच्या फवाऱ्याने लाकडाचे मऊ तंतू उपटले जातात आणि डेकवर अक्षरशः लव उभी राहते. बाथरूममधलं क्लोरीनवालं ब्लीचही नको. ते बुरशीचा रंग उडवतं, पण लाकडाचे तंतूही खराब करतं.

सोडियम परकार्बोनेट हा इथला हीरो. ही पावडर पाण्यात टाकली की ऑक्सिजन सुटतो आणि मळ, शेवाळ, बुरशी सैल होते. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे तुटलेले कण लाकडात अडकून गंजतात.

त्यानंतर ऑक्झॅलिक अॅसिड. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. काळे डाग आणि राखाडी छटा डोळ्यांदेखत उतरते आणि लाकडाचा मूळ रंग वर येतो. ताई तर किंचाळलीच, "अगं, हा तर ब्रोशरमधला रंग!" पण हे विषारी आहे. ग्लोव्हज, गॉगल आणि मास्क मस्ट. कुंड्या, मुलं आणि मांजर लांब. आणि कुठल्याही परिस्थितीत ते क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. शेवटी पुन्हा भरपूर पाणी.

घासा, पण गुळगुळीत करू नका

डेक पूर्ण वाळला की पॉलिश पेपर. आधी ६० नंबर, मग ८०. बस्स. डायनिंग टेबलसारखा गुळगुळीत करायचा मोह होतो, पण फार बारीक पेपर मारला तर लाकूड तेल नीट पीत नाही. शिवाय ओल्या पायाने घसरायची भीती, ती वेगळीच. स्क्रूची डोकी आधी थोडी आत घ्या, नाहीतर पेपर फाटत राहील.

चमक की तेल?

कॉन्ट्रॅक्टरने मूळ डेकला चकाचक पॉलियुरेथेन मारलं होतं. दिसायला एकदम फाईव्ह स्टार! पण असं कोटिंग म्हणजे लाकडावरची कडक फिल्म. खाली लाकूड फुगतं-आकसतं, वर फिल्म तडकते, तडीतून पाणी आत शिरतं आणि आतच अडकतं. मग पापुद्रे सुटतात आणि सगळं खरवडत बसावं लागतं.

डेकला हवं आत मुरणारं तेल. ते फिकं पडतं, पण सोलत नाही. पुढच्या वर्षी धुवा, पुसा आणि वरून नवा हात द्या. घेताना डब्यावर दोन गोष्टी बघा. उन्हापासून संरक्षण आणि बुरशीरोधक. नुसतं कच्चं जवसाचं तेल लावलं तर बुरशीला मेजवानीच. आणि अगदी पारदर्शक तेलापेक्षा हलक्या तपकिरी रंगाचं घ्या, कारण त्यातलं रंगद्रव्यच ऊन अडवतं. थर पातळ द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट होऊन धूळ धरतं.

एक वॉर्निंग, आणि ही सीरियसली घ्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

सगळा फंडा टायमिंगचा

हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल, तर सावलीत ठेवलेल्या लाकडातही पाण्याचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास राहतं. तेल लावायला ते १५ च्या खाली हवं. म्हणजे मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात, दोन दिवस ऊन पडलं म्हणून केलेलं काम फुकट जाणार. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मान्सून ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. तेव्हा तपासणी दिवाळीच्या सुमारास आणि तेल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. धुतल्यावर किमान दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. शंका असेल तर दोन पिनांचं मॉइश्चर मीटर मिळतं, ते टोचून बघा. भर दुपारी तापलेल्या फळीवर तेल लावू नका, मुरायच्या आत घट्ट होतं. सकाळी दव सुकल्यावरची वेळ बेस्ट.

ताईचा डेक डिसेंबरमध्ये तयार झाला. चार फळ्या आणि तीन बॅटन नवे, बाकी सगळं जुनंच. नव्या फळ्या अजून उठून दिसतात, पण वर्षभरात ऊन त्यांना इतरांसारखं करेल. भावजींनी स्वतः सगळीकडे उड्या मारून बघितल्या, मगच कुलूप काढलं. आजीचं मत? "छान झालंय. आता तो तुळशीचा डबा तेवढा परत इकडे आणा." तुळस आली, पण पायांच्या स्टँडवर!

डेकचं कॅलेंडर

- दर आठवड्याला : केर काढा आणि फटींतली पानं साफ करा.
- दर महिन्याला : पाणी जायची जाळी उघडा. कुंड्यांची जागा बदला. त्या स्टँडवर ठेवा, थेट फळीवर नको.
- मे अखेर : रबरी मॅट आणि गालिचे उचला, त्यांच्याखाली ओल अडकते. सैल स्क्रू आवळा.
- पावसाळ्यात : शेवाळ दिसलं की नायलॉन ब्रशने लगेच घासा. तेल, पॉलिश काही नको.
- दिवाळीच्या सुमारास : स्क्रू-ड्रायव्हर टेस्ट.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे राहिले तर ठीक. फळीने पिऊन टाकले, तर वीकेंड रिकामा ठेवा आणि तेलाचा डबा उघडा!