गावाचा मध्य, गावाची कड

परगावी कुणी ‘कुठले तुम्ही?’ विचारले, की हडपसरचा माणूस ‘पुण्याचा’ म्हणून मोकळा होतो. चिंचवडकरही तेच सांगतो, जरी त्याची महापालिका १९८२ पासून वेगळी आहे. पुण्यातच हा प्रश्न आला, तर उत्तर थेट पेठेवर येते. लांबून शहर एकसंध दिसते. राहणाऱ्याला त्याचे भाग दिसतात.

नगररचनाकार केविन लिंच यांनी अमेरिकेतील तीन शहरांच्या रहिवाशांना त्यांचे शहर आठवून सांगायला लावले. त्यांचा १९६० चा निष्कर्ष असा : मनातला नकाशा रस्ते, कडा, विभाग, वर्दळीच्या जागा आणि ठळक खुणा यांनी घडतो.

हे भाग पाडणे आजचे नव्हे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ दरम्यान ती उकरून काढली. मधोमध पाच खोल्यांचे घर, शेजारी धान्याचे कोठार. हे घर गावप्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत. सधन शेतकऱ्यांची घरेही मध्यभागीच. कुंभार, सोनार यांसारखे कारागीर मात्र पश्चिमेच्या कडेला.

आपण या साऱ्याला ‘इनामगाव’ या एकाच नावाने ओळखतो. तिथल्या कुंभाराला मात्र आपले घर कोठारापासून किती दूर आहे, हे पक्के ठाऊक असणार. म्हणून शहराचे नियोजन करताना कडेला राहणाऱ्यांचा नकाशा आधी समजून घ्यायला हवा.