इनामगावची खापरं काय सांगतात?

शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान तिथे उत्खनन केलं. माझ्या मते तिथला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे खापरं. खालच्या थरात माळवा शैलीची, त्यावर जोर्वे शैलीची: चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली, लाल अंगावर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणणारी. या शैलींची खापरं इतर गावांतही सापडतात; म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हे खेडं एकाकी नव्हतं. कुणी म्हणेल, भांडी बाहेरून आली असतील. पण गावातच कुंभाराची भट्टी सापडली आहे! शैली सारखी म्हणून माणसंही तीच, असं मात्र म्हणता येत नाही.

शेतात नक्षीचं खापर दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.