जुन्या ओकची नवी रोपं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळी आठवते. एका कंदातून हजारो एकसारखी रोपं मिळतात. त्यावरून जुन्या वृक्षाचं एखादं पान प्रयोगशाळेत दिलं की तसंच झाड हाती येईल, असं अनेकांना वाटतं. युरोपातल्या शंभर-दोनशे वर्षांच्या ओकच्या बाबतीत हे मुळीच सोपं नाही.

मग बी का पेरू नये? जरूर पेरावं. पण बीमधून येतं ते त्या झाडाचं अपत्य, तेच झाड नव्हे. शिवाय ओकचं बी सुकलं की मरतं, त्यामुळे वाळवून बियाणे-पेढीत वर्षानुवर्षं ठेवता येत नाही.

खरी अडचण वयाची आहे. झाडाचं वय सगळ्या अंगांत सारखं नसतं. शेंड्याची डहाळी दिसायला कोवळी, पण स्वभावानं सर्वांत प्रौढ. तिला फुलं येतील, मुळं सहजी फुटणार नाहीत. बुंध्याजवळच्या सुप्त डोळ्यांत मात्र झाड रोप असतानाचं तारुण्य बरंचसं शाबूत असतं. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या संशोधकांनी नेमका याचाच उपयोग केला. सालीखाली असे सुप्त डोळे असलेल्या जाडसर फांद्यांचे तुकडे ओलसर परलाइटमध्ये खोचून उबदार, दमट जागी ठेवायचे. काही दिवसांत साल फोडून फुटवे येतात. संत्र्या-मोसंबीचे बागायतदार पानसोट म्हणून छाटून टाकतात, तशाच प्रकारचे. हे फुटवे निर्जंतुक करून बाटलीतल्या पोषक माध्यमावर ठेवतात. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. कापलेल्या टोकाभोवती माध्यम तपकिरी पडू लागतं आणि फुटवा मान टाकतो, म्हणून तो पुन्हापुन्हा ताज्या माध्यमावर हलवावा लागतो. पुढे संप्रेरक देऊन मुळं आणायची, मग हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं. बाटलीतून थेट उन्हात नेलेलं रोप जगत नाही.

ही रोपं ‘जीएम’, म्हणजे जनुकीय बदल केलेली असतात, हाही गैरसमजच. यात बाहेरचं जनुक घातलेलं नसतं.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १०० वर्षांच्या सागापासून टिश्यू कल्चरनं रोपं केल्याचं १९८० सालीच प्रसिद्ध केलं होतं. तेव्हा म्हातारं झाड म्हणजे संपलेला विषय, असं समजू नये.

मात्र एकाच वृक्षाच्या प्रती लावून जंगल उभं करू नये. एखादा रोग आला तर सगळ्याच त्याला सारख्या बळी पडतील. जंगलासाठी अनेक झाडांचं बी पेरा, आणि गावातला एखादा जुना वृक्ष जपायचा असेल तर त्याच्या बुंध्याजवळचे फुटवे तोडू नका.